सव्वीस खिडक्यांचा बंगला

माझी उंची जेमतेम वीतभर, तरी मी दुमजली बंगला आहे, मित्रांनो. मलकापुरातल्या एका घरात मी खोक्यातून सुट्या तुकड्यांत आलो. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या स्नेहलताबाईंनी मला आठ वर्षांच्या लेकीसाठी, गार्गीसाठी आणलं होतं.

भिंती दोन दिवसांत उभ्या राहिल्या. खिडक्यांना मात्र महिना लागला. सव्वीस चौकटी, एकेक नखाएवढी. बाई कटरने त्या प्लास्टिकच्या पट्टीतून कापून सोडवायच्या, कानशीने घासायच्या. गार्गी बारीक ब्रशने हिरवा रंग द्यायची. काचांसाठी गोळ्यांच्या पाकिटाचं पारदर्शक प्लास्टिक होतं. गोंद जास्त झाला की काच धुरकट व्हायची, मग ती काढून दुसरी बसायची. येणारे-जाणारे वाकून वाकून पाहायचे, कौतुक करायचे.

पण त्या घरात मार होता. गार्गीचे वडील भालचंद्र कचेरीत शांत माणूस म्हणून ओळखले जात. घरी ते बाईंना पट्ट्याने मारत, केस धरून भिंतीवर आपटत. दुसऱ्या दिवशी बाई सुजलेल्या बोटांनी माझी एखादी खिडकी बसवत.

एका रविवारी दुपारी शेवटची खिडकी बसवताना वरण करपलं. भालचंद्रांनी गरम पातेलं बाईंच्या अंगावर फेकलं आणि मला उचलून भिंतीवर आपटलं. माझं छप्पर निघालं, काचा खोलीभर उडाल्या. गार्गी मला उचलायला धावली. त्यांनी तिचं मनगट धरून पिरगाळलं. कट्कन आवाज झाला. तो माझ्यातून आला नव्हता.

बाईंनी टेबलावरचा कटर घेतला.

"तिला सोडा," त्या म्हणाल्या.

भालचंद्रांनी लेकीला सोडलं आणि बाईंवर हात उगारला. बाईंनी तो तळहात आडवा चिरला. रक्त माझ्या पांढऱ्या भिंतींवर उडालं.

तेवढ्यात शेजारच्या रुखमाबाई दार बडवू लागल्या. "उघडा. नाई तं गल्ली गोळा करतो मी."

आत येऊन त्यांनी गार्गीचा हात ओढणीत बांधला. बांधता बांधता त्या रडत होत्या. चार वर्षं भिंतीपलीकडून सगळं ऐकत होत्या, पण दुसऱ्याच्या घरात कशाला पडायचं म्हणून गप्प राहिल्या, असं त्यांनी बाईंना सांगितलं.

मग पोलीस आले आणि रक्ताच्या डागांमुळे त्यांनी मलाही पिशवीत घालून ठाण्यात नेलं. तिथे बाईंनी स्वतःच जबाब दिला.

"यांचा हात मीच कापला. पोरीचा हात कोणी मोडला, तेही लिहा."

गुन्हे दोघांवरही दाखल झाले. खटले अजून चालू आहेत. बाई आणि गार्गी आता देऊळगाव राजाला एका खोलीत राहतात. गार्गीचं मनगट थोडं वाकडंच राहिलं, ब्रश ती डाव्या हाताने धरते. मी परत मिळाल्यापासून तिने माझ्या अकरा खिडक्या बसवल्या आहेत.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मी प्लास्टिकचा, तुटलो तरी चिकटतो. पण तुमच्या वर्गात कोणी गप्प गप्प बसत असेल, मोठा आवाज झाला की दचकत असेल, तर त्याच्याजवळ जाऊन विचारा, आणि तो सांगेल ते मोठ्यांच्या कानावर घाला. गार्गीला कोणीच विचारलं नव्हतं.