दोन बोटं कमी

जरा टेका इथं. एक गोष्ट सांगतो, आणि आधीच सांगून ठेवतो, ऐकून तुमचं डोकं फिरणार. माझं तर कधीचं फिरलेलं आहे. शाळेत मी फारसा टिकलो नाही, त्यामुळे तोंडात येईल तशी सांगेन. तुम्ही सांभाळून घ्या.

मी जहाज दुरुस्तीच्या कारखान्यात आहे. क्रेनला खालून हातानं खुणा करायच्या, हे माझं काम. वर घे, खाली सोड, थांब. क्रेन चालवते ती आमची वहिनी. तिचा नवरा तिथंच वेल्डर, माझा जुना दोस्त, म्हणून ती वहिनी. हाताची इतकी हलकी की टनभर वजनाचा पत्रा अलगद टेकवते, झोपलेलं पोर पाळण्यात ठेवावं तसा. आणि वेल्डरचा बाप म्हणजे आमचे उस्ताद. तेही त्याच कारखान्यात वेल्डर होते. अर्ध्या कारखान्यानं वेल्डिंग त्यांच्याकडूनच शिव्या खात शिकलंय.

आमच्याकडे सुकी गोदी आहे. म्हणजे एक भलामोठा दगडी हौद समजा. जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी उपसून टाकायचं, की जहाज तळाला ठोकळ्यांवर बसतं. मग खाली उतरून त्याचं पोट खरवडा, पत्रे बदला, रंग द्या. हौद चार मजली घराएवढा खोल. त्याच्या काठानं लोखंडी कठडा होता. तो उस्तादांनी जवानीत स्वतः जोडलेला, साडेतीन फूट उंच. एक सांधा हलेल तर शपथ.

निवृत्त झाल्यावर उस्तादांना घर खायला उठायचं. मग त्यांनी स्वतःच काम काढलं. रोज दुपारी लेकाचा आणि सुनेचा गरम डबा घेऊन यायचे. डोळे अधू झाले होते. जन्मभर ठिणग्या बघितल्या, त्यात मोतीबिंदू. पण गेटवर कोणाची टाप नव्हती त्यांना अडवायची. एका हातात डबा, दुसरा हात कठड्यावर, असे तो हात घसटत चालत यायचे. कठडा हाताखाली असला की त्यांना डोळ्यांची गरज नव्हती. वहिनीला वरून दिसले की ती भोंगा वाजवायची, दोनदा, बारीक. उस्ताद डबा उंच करून दाखवायचे आणि आम्हाला म्हणायचे, "मला सलामी देते बघा. तुम्हाला कोणी देतं का रे?"

आता कामाचं बोलू. आमच्याकडे सगळे सुरक्षेचे नियम फुटात आणि इंचात होते. जहाजाचे नकाशे मीटरमध्ये, पत्रे मिलिमीटरमध्ये, आणि नियमांच्या पाटीवर फूट. त्यात व्हायचा घोटाळा. एकदा मचाणाच्या फळ्या मीटरच्या हिशोबानं मागवल्या आणि फुटाच्या हिशोबानं कापून आल्या. दोन माणसं लोंबकळली, नशिबानं वाचली. त्यामुळे वरून हुकूम आला की सगळे नियम मीटरमध्ये करा, तेव्हा मला बरंच वाटलं. मीटरवर माझा राग नाही हो. मीटरनं माझं काय घोडं मारलंय?

साडेतीन फूट म्हणजे एक मीटर आणि वर सात सेंटिमीटर. हा आकडा बेंगरूळ दिसतो. तर वरच्या कोणीतरी चांगल्या मनानं ठरवलं, वाढवूनच टाकू, गोल करू, एक मीटर दहा. उंच कठडा, जास्त सुरक्षा. कोण नाही म्हणेल? मग तपासणीवाला आला, टेप लावली, आणि आमचा कठडा नापास. तीन सेंटिमीटर कमी. ही एवढी, माझी दोन बोटं आडवी धरा.

आता नियम असा की जो कठडा उंचीला कमी, तो धोका. आणि धोका दिसला की ताबडतोब हटवायचा.

हटवला.

हसू नका. खरंच हटवला. आणि कापायला कोणाला सांगितलं? आमच्या वेल्डरला. बापानं जोडलेला कठडा लेकानं गॅस कटरनं कापला. मी बघत होतो. काप असा सरळ मारत होता, जणू काही नवीन काम करतोय. मी म्हटलं, "अरे, भंगारात जायचंय ते, एवढं कशाला निगुतीनं?" तर म्हणाला, "वाकडं मारायला हात वळत नाही."

नवा कठडा आठवड्यात येणार होता. मग वर वाद सुरू झाला. एक साहेब म्हणाला गोल आकडा ठेवा, दुसरा म्हणाला खरा आकडा ठेवा, सात म्हणजे सात. कमिटी बसली. कमिटीवर दुसरी कमिटी बसली. आकडा ठरत नाही तोवर पाइप कापायचा किती? त्यामुळे कठडा रखडला. आणि काठावर काय, तर खुंट्यांना एक दोर, त्याला लाल चिंध्या. गुडघ्याएवढा, मधे ओघळलेला. कोंबड्यांना हुसकायला लावतात तसा.

आमचा सेफ्टीसाहेब वाईट माणूस नव्हता. तोही रोज वर फोन करायचा, घाम पुसायचा. त्याला विचारलं की म्हणायचा, तात्पुरतं आहे. आणि आम्ही? आम्ही काय कमी नालायक? चहा पिताना शिव्या घालायच्या, आणि साहेब आला की दोर ओलांडून कामाला. कोणी बोललंच तर बाकीचे खेचणार, काय रे, बायकोचा पदर धरून आलायस का? ही आमची रीत. याला सगळे मर्दानगी म्हणतात. मी याला रोग म्हणतो. घराघरात आहे हा. बाप लेकाला हेच शिकवतो, सासू सुनेला हेच सांगते, नोकरी आहे ना, मग गप्प बसा, वरचे बघतील.

वेल्डरच्या घरी वेगळाच पेच. बापाला सांगायचं कसं, की तुमचा कठडा मी कापला? रात्री जेवताना वहिनीनं दोनदा विषय काढला म्हणे, आणि दोनदा यानं डाळ वाढ म्हणून बदलला. शेवटी त्यानं बापाला थाप मारली. नवीन नियम आलाय, बाहेरच्या माणसानं डबा गेटवरच ठेवायचा. उस्तादांना ते लागलं. मी बाहेरचा? असं एकदाच म्हणाले. पण ठेवू लागले गेटवर.

एक दिवस डबा गेटवरच राहिला, कोणी आत पोचवला नाही, आणि दोघं उपाशी राहिली. उस्तादांना कळलं. झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते कोणाला न विचारता आत आले.

मी पलीकडच्या काठावर होतो. हुकाला जहाजाचा पंखा टांगलेला, पितळी, अवजड, आणि खाली तळात माणसं. माझे दोन्ही हात खुणेत. वहिनीनं वरून पाहिलं, आपला म्हातारा काठानं येतोय, एका हातात डबा, आणि दुसरा हात हवेत, कठडा शोधतोय.

तिला क्रेन सोडता येईना. वजन माणसांच्या डोक्यावर लटकत होतं. तिच्या हातात होता फक्त भोंगा. तिनं तो वाजवला. जीव खाऊन वाजवला.

आणि उस्ताद हसले. मला पलीकडून दिसलं. त्यांना वाटलं, रोजची सलामी. त्यांनी डबा उंच केला, आणि दुसरा हात विश्वासानं खाली टेकवला, जिथं तो इतकी वर्षं टेकत आलाय.

तिथं काही नव्हतं.

खालच्या मचाणावर आदळले, म्हणून तळाला गेले नाहीत. पण वहिनीचं सांगतो. तिनं आधी पंखा खाली घेतला. माझ्या खुणा बघत, एकही झटका न देता, ठोकळ्यावर टेकवला, हुक सोडवू दिला. मग शिडी उतरली, आणि मचाणाकडे धावली.

दवाखान्यात उस्ताद शुद्धीवर होते. कंबर गेली होती, आत कुठं कुठं काय तुटलं होतं देव जाणे. आम्ही तिघं खाटेशेजारी. त्यांनी पहिलं हेच विचारलं, कठडा कुठं गेला? वेल्डर खाली बघत राहिला. मग म्हणाला, "बाबा, मी कापला. वरून सांगितलं होतं."

उस्तादांनी लेकाकडे मान वळवली. मला वाटलं आता शिवी येणार. तीच बरी होती.

"काप सरळ मारलास ना?"

"हो."

"मग परत जुळेल," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले.

ते त्या खाटेवरून उठले नाहीत. काही दिवसांनी गेले.

ऑफिसातून माणूस आला घरी. बोलला मऊ. पण बोलणं काय, तर मयत आमचा कामगार नव्हता, त्यामुळे नियम लागू होत नाही. आणि काठाला दोर होता. बायकांनी रडावं, बाप्यांनी माना हलवाव्या, अशी तयारी ठेवून आला होता. नातेवाइकांतलाही एक जण वेल्डरच्या कानाशी लागला, दोघांच्या नोकऱ्या तिथंच आहेत, ताणू नका. वहिनीनं ते ऐकलं. चहाचे कप उचलत होती, तशीच उचलत राहिली.

कामावर आल्या दिवशी ती लगेच क्रेनवर चढली नाही. मला म्हणाली, भंगारचा ढीग कुठंय? तिघं गेलो. कठड्याचे तुकडे तिथंच होते, गंजाची पूड धरलेले. कोणालाच फुरसत नव्हती, म्हणून भंगारही उचललं गेलं नव्हतं. आमच्या आळसाचा तेवढा एक फायदा. मग ती वर गेली, मी खुणा केल्या, तिनं एकेक तुकडा उचलून काठावर आणला. वेल्डरनं कापून उरलेल्या खुंटावर धरला. काप कापाला असा बसला, मधे नखही जाईना. त्यानं मुखवटा खाली ओढला आणि जोडायला लागला. मुखवट्याआड रडत होता का, मला माहीत नाही. वेल्डरांचं ते बरं असतं.

हळूहळू माणसं जमली. कोणीतरी थट्टेचं तोंड उघडलं आणि शेजारच्यानं त्याचा दंड धरला. मग एकानं तुकड्याचं दुसरं टोक धरलं. मग दुसऱ्यानं.

सेफ्टीसाहेब धावत आला. थांबवा हे, परवानगी कुठंय, हा कठडा नापास आहे. वहिनी तोवर खाली उतरली होती. हातमोजे काढून कमरेला खोचले.

"किती कमी आहे साहेब?"

"तीन सेंटिमीटर. तुम्हाला माहीत आहे."

"आणि काल किती कमी होता?"

साहेब घाम पुसायला लागला.

"माझा सासरा पडला, त्या दिवशी किती कमी होता? तेवढंच सांगा. तुमच्या मीटरमध्ये सांगा, मला चालेल."

साहेब म्हणाला, "मला हे वर कळवावं लागेल, बाई."

"कळवा. आणि हेही कळवा की नवा उभा राहिल्याशिवाय हा कोणी कापायला आला, तर क्रेन हलणार नाही. मी वर बसेन, पण हलवणार नाही. नवा आणा, दहा सेंटिमीटर जास्त उंच आणा, मी स्वतः उचलून देते."

साहेबानं फोन लावला. वर खूप काही बोलणं चाललं होतं, तो नुसता हो साहेब, नाही साहेब करत होता. बोलता बोलता दमला आणि टेकला. कशाला टेकला, सांगू? त्याच कठड्याला. त्याचं त्यालाही कळलं नाही.

तुम्हाला वाटेल, मग सगळं गोड झालं. कसलं गोड? वेल्डर आणि वहिनी दोघांना नोटीस आली, विनापरवाना काम केल्याबद्दल. खुलासे दिले, अजून देतायत. कमिटी अजून बसते. आकडा अजून ठरलेला नाही. दर तपासणीला तो माणूस येतो, टेप लावतो, कठडा नापास म्हणून लिहितो आणि जातो. कठडा मात्र उभा आहे. वहिनी रोज दुपारी भोंगा वाजवते, दोनदा, बारीक. नवीन पोरं विचारतात, कोणासाठी? आम्ही त्यांना काठावर नेतो आणि सांध्यावर हात ठेवायला लावतो.

जुनं मोडायची आम्हाला किती घाई, आणि नवं उभारायला किती सवड. त्या दोहोंच्या मधे जी उघडी जागा राहते ना, तिथून माणूस पडतो. आणि मधल्या काळात आपण सगळे म्हणत असतो, तात्पुरतं आहे.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे, जास्त नाही. तुम्ही कुठंही कामाला असा, गोदीत, गिरणीत, दवाखान्यात, शाळेत. उद्या गेलात की जिथं आधार असायला हवा, तिथं क्षणभर डोळे मिटून हात टेकवून बघा. हाताला काही लागलं तर माझी गोष्ट विसरा. नाही लागलं, तर वरून काही येण्याची वाट बघू नका. तिथंच उभे राहा, आणि येणाऱ्याला हात आडवा करा.