धाकटीने घेतलेली मुलाखत

थोरली आणि धाकटी सख्ख्या मावसबहिणी. ग्रामविकासाच्या अभ्यासक्रमाला दोघींनी एकदमच प्रवेश घेतला, आणि पहिल्याच महिन्यात थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. पुस्तकं हिने पालथी घालायची, पण मुलाखतीला बसली की समोरचा 'हो', 'नाही'च्या पुढे सरकत नसे. धाकटी नुसती शेजारी जाऊन टेकली तरी लोक मन मोकळं करायचे. "विचारावं कसं, ते हिच्याकडून शिका," असं मॅडम म्हणाल्या की थोरलीचा जळफळाट व्हायचा.

परदेशी मदतीवर चाललेल्या एखाद्या जुन्या प्रकल्पाबद्दल तिथे गेलेल्या बायकांशी बोलायचं, असं काम मिळालं. मग मॅडमनी एकीचं रेकॉर्डिंग दुसरीला लिहून काढायला दिलं. धाकटीचं नेमकं थोरलीच्या वाट्याला आलं. चुका काढायच्याच तयारीने ती ग्रंथालयात हेडफोन लावून बसली.

आवाज तिच्या स्वतःच्या आईचा होता! नाव फोडायचं नाही हा नियम, म्हणून धाकटीने ब्रसुद्धा काढला नव्हता.

आई तरुणपणी परदेशी मदतीच्या शिवणकेंद्रात जायची, हे थोरलीला ठाऊक होतं. शिवणामुळे आई स्वतःच्या पायावर उभी राहिली, असा निबंधही तिने लिहिला होता.

"शिवण कुणाला शिकायचं होतं गं?" आई सांगत होती. "मला सुईचा मेला कंटाळा. पण दुपारी घराबाहेर पडायला मिळायचं. पाहुणे तपासणीला आले की एकच झबलं आम्ही सगळ्याजणी फिरवून फिरवून दाखवायचो!"

आणि आई पोट धरधरून हसली. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. झबल्याची गंमत तिने लिहिलीच नाही. 'प्रशिक्षण उपयुक्त वाटले' असं ठोकून दिलं आणि तरातरा घरी आली.

"तिला सगळं सांगितलंस. मला का नाही?"

आई भाजी निवडत होती. "तूही विचारलं होतंस की. शिवणाचा किती फायदा झाला, म्हणालीस. मी म्हटलं, खूप. तू लिहून घेतलंस नि उठलीस."

"आणि तिने काय असं मोठं विचारलं?"

"दुपारी काय करायचीस मावशी, म्हणाली. मग बसून राहिली बापडी."

थोरलीला रडूच आलं. रागाने की लाजेने, तिचं तिलाच कळेना. दुसऱ्या दिवशी तिने ते खोटं वाक्य खोडलं आणि झबल्यासकट सगळं शब्दन् शब्द उतरवून दिलं. वर्गात मॅडमनी धाकटीची पाठ थोपटली.

बाहेर पडताना धाकटी म्हणाली, "मावशीकडे अजून खूप आहे गं. पुढच्या खेपेला मी—"

"तू दुसरी मावशी शोध," थोरली फटकन म्हणाली. "ही माझी आहे."