साखराबाई काय म्हणाली होती

"हे मी म्हनलेलंच न्हाई," साखराबाई म्हणाली आणि तिनं झारा कढईच्या काठावर आपटला. तेलाचे दोन थेंब माझ्या मोबाईलवर उडाले.

मी ओढणीनं स्क्रीन पुसली आणि पुन्हा वाचायला लागले. मुद्दाम मोठ्यानं, कारण बाकड्यावर मन्मथप्पा चहा पीत बसले होते. अप्पांचं किराणा दुकान हॉटेलाला लागूनच आहे, पण ते स्वतः दुकानात कमी आणि बाकड्यावर जास्त असतात. कानानं कमी ऐकतात, पण ऐकायची हौस दांडगी.

"'दहावी नापास झालो त्या दिवशी घरी जायची हिंमत नव्हती. आईवडील ऊस तोडायला जाऊन मला शिकवत होते. घाटनांदूरच्या स्टँडवर भज्यांचं हॉटेल चालवणाऱ्या एका मावशींपुढे जाऊन बसलो. त्या माउलीनं पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, बाळा, वादळानं दिवा विझतो, वात नाही. ऊठ, पुन्हा पेट! त्या एका वाक्यानं मला घडवलं.'"

"वात?" साखराबाई म्हणाली. "आगं, माज्याकडं तवाबी लाईट व्हती."

अप्पांना ठसका लागला. मी तिला पोस्टवरचा फोटो दाखवला. हात जोडलेली, सुरकुतलेली, डोळ्यांत पाणी आलेली एक म्हातारी, मागे मावळता सूर्य.

"ही कोन भवानी?"

"फोटो कुठूनतरी उचललाय मावशी. पण गोष्ट तुजीच हाय. बाईमाणसाचं भज्याचं हॉटेल स्टँडवर दुसरं कोणतं हाय?"

तिनं झाऱ्यानं भजी उलटी केली.

ही पोस्ट बंकट नावाच्या एका मोठ्या साहेबांची. पलीकडच्या वाडीतलेच, आता पुण्याकडे असतात. हजारो लोकांनी ती पुढे पाठवली होती. मला ती आधी तीन ग्रुपांवर आली, मग मी मूळ शोधून फेसबुकवर वाचली. मला ती खोडच आहे. सकाळी डोळे उघडले की आई म्हणते, आधी देवाचं तोंड बघ. मी मोबाईलचं बघते. गुड मॉर्निंगची फुलं, खोकल्याचे काढे, कुणाचा कुणाला टोमणा, सगळं बाजूला सारत जायचं. उकिरड्यात कधीतरी एखादी अंगठी सापडते, तसं एखादं वाचण्यासारखं सापडतं. ते मी सेव्ह करते. भरतीचा अभ्यास करणाऱ्या माणसाला असलं काहीतरी लागतंच हो. एकदा हुकलं, दुसऱ्यांदा हुकलं, तिसऱ्यांदा पुस्तक उघडताना हाताला बळ कुठून आणायचं? ते वातीचं वाक्य तर मी मोबाईलच्या पहिल्या पानावरच लावलं होतं. आणि ते म्हणणारी मावशी निघाली कोण, तर जिची भजी मी लहानपणापासून खाते ती! मी धावतच आले होते.

आणि ही म्हणते, मी म्हनलेलंच न्हाई.

"तुला तो आठवतो तरी का?"

"न आठवायला काय झालं? बंक्या. खिशाला पेन अन् मान खाली."

"मग काय म्हनलीस त्याला?"

"काई न्हाई."

"काहीतरी म्हनलीच असशील की! त्याशिवाय एवढा मोठा मानूस एवढं लिवतो व्हय?"

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुला कशापाई लागलंय गं एवढं?"

भरतीचा निकाल तोंडावर आला होता आणि दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्पष्ट सांगितलं होतं, "शिवांजली, ह्या बारीला झालं तर झालं. न्हाईतर स्थळं बघायला लागू." दादा वाईट नाहीत. पण एकदा बोलले की बोलले. नापास झालेल्या पोराला ज्यानं उभं केलं ते वाक्य मला हवं होतं. खरं हवं होतं. आणि हे खोटं असेल तर मी सेव्ह केलेल्या बाकीच्यातलं खरं किती, हा प्रश्न होताच.

अप्पांनी ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर केली. मग काय, जो येईल तो भज्यांबरोबर तेच मागू लागला. साखराबाई, काय म्हनलीस गं त्या साहेबाला? कुणी म्हणालं, चांगली आईमाईवरून शिवी घातली असेल, म्हणून सांगत नाही. कुणी म्हणालं, हात बघून भविष्य सांगितलं असेल. शाळेच्या कार्यक्रमात तिला बोलवायचं ठरलं आणि एक सर ते वाक्य कागदावर छापून घेऊन आले, तिनं स्टेजवर म्हणावं म्हणून.

"जे मी बोललेच न्हाई ते पाठ करू व्हय ओ?" असं म्हणून तिनं त्या कागदात सरांनाच भजी बांधून दिली.

अप्पा मात्र खुशीत होते. "ही बाई लई आतल्या गाठीची हाय," मला म्हणाले. "हिचा मालक वारला तवा कार्य उरकलं की लगेच हॉटेल उघडलं हिनं. अन् आठवडाभर हॉटेलात नुसती कांदाभजी! बटाटा न्हाई, मिरची न्हाई, वडा न्हाई. दिसभर आपली कांदेच चिरीत बसायची. गिर्‍हाईक कटाळलं, पन ही काय ऐकंना."

आम्ही हसलो. मीसुद्धा हसले.

मी साहेबांच्या पोस्टखाली लिहिलं, "सर, मावशी आमच्या गावात आहेत. त्या म्हणतात हे वाक्य त्यांचं नाही. मग त्या नेमकं काय म्हणाल्या होत्या?" साहेबांचं उत्तर आलं नाही. बाकीचे मात्र तुटून पडले. ताई, नकारात्मकता सोडा. ताई, भावना बघा. एकानं तर मला डॉक्टरला दाखवायला सांगितलं.

निकाल लागला तेव्हा मी अंबाजोगाईच्या अभ्यासिकेतून परत येत होते. बसमध्येच मोबाईल वाजला. यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. माझं नाव नव्हतं. आमच्या अभ्यासिकेतल्या दोघींची होती, माझं नव्हतं.

स्टँडवर उतरले. घर तिथून हाकेच्या अंतरावर, पण पाय वळेनात. दादा बाजेवर बसलेले असणार. मला पाहून उठणार आणि काही विचारणार नाहीत, हेच मला सोसवलं नसतं. मी साखराबाईच्या हॉटेलात शिरले आणि कोपऱ्यातल्या बाकड्यावर बसले. हॉटेल भरलेलं होतं. परळीच्या बसची माणसं चहा पीत होती, अप्पा त्यांच्या जागेवर होते. सगळ्यांपुढं रडले असते तर अर्ध्या तासात गावाला कळलं असतं. मी मोबाईल काढला आणि वातीचं वाक्य वाचलं. दोनदा वाचलं. काही झालं नाही.

साखराबाईनं एकदाच पाहिलं. कांद्यांची पाटी पायानं माझ्यापुढं सरकवली आणि हातात सुरी दिली.

"घे, कांदे सोल."

"मावशी, मला आज..."

"सोल म्हनले ना. अन् उभे चिर, बारीक."

मला रागच आला. माणूस मरतंय आणि हिला भज्यांचं पडलंय! रागारागात पहिला कांदा सोलला, चिरला. दुसरा घेतला. आणि डोळ्यांतून जे पाणी सुरू झालं, ते थांबेना. आधी कांद्याचं होतं. मग माझं होतं. नाक वाहत होतं, हुंदके येत होते, मी बाहीनं तोंड पुसत होते आणि चिरत होते. भर स्टँडवर, भरल्या हॉटेलात मी पोटभर रडले.

"लईच तिखट दिसतोय कांदा," एक पाहुणा माझ्याकडं बघत म्हणाला.

"औंदाचा कांदा असलाच हाय," साखराबाई म्हणाली आणि माझ्या न् त्याच्या मधे येऊन उभी राहिली. "पाव्हणं, तुमची बस लागली बघा."

पाटी संपली तेव्हा हॉटेल रिकामं झालं होतं. माझ्या छातीवरचं ओझंही बरंच उतरलं होतं. साखराबाईनं तांब्या पुढं केला.

"तोंड धू. चार भजी खा. अन् घरी जा, आई वाट बघत आसंल."

तोंड धुता धुता माझे हात थांबले. नापास झालेला, मान खाली घातलेला पोरगा. नवरा गेल्यावर आठवडाभर कांदाच चिरणारी बाई. आणि आम्ही हसलो होतो.

"मावशी," मी हळूच म्हणाले, "बंक्यालाबी हेच सांगितलं व्हतंस ना?"

तिनं तांब्या काढून घेतला. "पोरी, दुसऱ्याच्या रडण्याची दवंडी पिटायची नसती. जा आता."

घरी गेले. दादांना सांगितलं. ते म्हणाले, "आधी जेव." पुढचं बोलणं त्यांनी त्या दिवशी तरी काढलं नाही.

जेवण झाल्यावर मी बंकट साहेबांना निरोप पाठवला. ह्या वेळी सगळ्यांदेखत नाही, त्यांच्या एकट्याच्या खात्यावर. तीनच शब्द. "सर, कांदे होते?"

लगेच उत्तर आलं. "मावशींनी सांगितलं?"

"नाही. आज मलाही सोलायला दिले."

बराच वेळ ते काहीतरी लिहीत होते आणि पुसत होते. मग आलं, "निकाल होता?"

"हो."

"मला किती तरी वर्षं वाटत होतं, बाईनं फुकट काम करून घेतलं. कांदे का दिले ते कळलं तेव्हा मी साहेब झालो होतो. मग खरं लिहायची लाज वाटली. साहेब स्टँडवर बसून रडला होता, हे कसं लिहायचं? म्हणून ते वाक्य घातलं. चुकलंच."

सकाळी उठून पाहिलं तर पोस्ट बदललेली. म्हातारीचा फोटो गेला होता, वात गेली होती. खाली लोक विचारत होते, सर, यातून बोध काय घ्यायचा? सर, आधीचं छान होतं. पुढे कुणीच पाठवत नव्हतं. मी ती सेव्ह केली आणि तशीच हॉटेलात गेले.

सकाळची वेळ, साखराबाई नुकती चूल पेटवत होती. अप्पा होतेच. मी तिच्या जवळ बसून हळू आवाजात वाचलं.

"'मावशी काहीच म्हणाली नाही. तिनं मला कांदे सोलायला दिले आणि दिवे लागेपर्यंत मी सोलत होतो. मी रडलो हे तिनं कुणाला कळू दिलं नाही.'"

ती ऐकत होती. "लिव्हलं व्हय त्यानंच?" म्हणाली. "बरं केलं." मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, "घरी पोचला का गं तो?"

"आगं मावशी, मोठा साहेब हाय तो आता."

"ते न्हाई इचारलं. त्या दिशी. शेवटच्या गाडीत बसवून दिलं मी त्याला. पन गाडी हलल्यावर मनात आलं, मधीच उतरला तर? तोंडच तसं व्हतं पोराचं. परत कवा आला न्हाई. घरी पोचला का, तेवढं लिव्हलंय का बघ."

एवढी वर्षं लोकांना भजी तळून देता देता ही बाई हाच प्रश्न घेऊन बसली होती आणि आम्ही सगळे तिला विचारत होतो, तू काय म्हणालीस.

मी पोस्टचा शेवट काढला. "लिव्हलंय, मावशी. 'शेवटच्या गाडीनं घरी गेलो. आई कंदील घेऊन फाट्यावर उभी होती.'"

"व्हती ना आई उभी?"

"हो."

साखराबाईनं मान हलवली. कांद्यांची पाटी ओढली, त्यातला एक कांदा घेतला आणि सोलायला लागली.

"आत्ताच?" अप्पा बाकड्यावरून म्हणाले. "भज्याला लई येळ हाय की अजून."

"गप बसा हो अप्पा," मी म्हणाले आणि दुसरी सुरी घेऊन तिच्या शेजारी बसले.