गालातले दाणे

मी डोंगरावरची एक म्हातारी फिंच आहे, मित्रांनो. वय वर्षे सात. तुमच्याकडे या वयात दुधाचे दात पडतात. आमच्याकडे या वयापर्यंत पोहोचणारे बोटांवर मोजण्याइतके असतात. रंगाने मी मातकट, अंगाने मूठभर. लोक मला चिमणीच म्हणतात, आणि मीही ते मनावर घेत नाही.

झाडं जिथे संपतात त्याच्याही वर, एका कड्याच्या फटीत माझा जन्म झाला. पंख फुटल्यावर पहिला धडा मिळाला तो दाणा सोलण्याचा. दाणा चोचीच्या कडेच्या खाचेत धरायचा, जिभेने फिरवायचा आणि खालच्या चोचीने दाबायचा. टरफल गळून पडतं, गर आत राहतो. मला हे जमायला चार दिवस लागले. तोवर माझा निम्मा गर टरफलाबरोबर वाऱ्यावर जात असे, आणि आई दुसरीकडे बघितल्यासारखं करत असे.

हिवाळ्यात आमचा थवा दरीत उतरतो. थंडी सरली की बर्फ खालून वर वितळत जातो आणि आम्ही त्याच्या कडेकडेने पुन्हा वर चढतो. ही कड म्हणजे आमचं वाढलेलं ताट. गेल्या वर्षीच्या गवताचं बी बर्फाखाली दबलेलं असतं. रोज थोडं थोडं उघडं पडतं, आणि आम्ही ते टिपतो.

दुसऱ्या वर्षी मी घरट्यासाठी जागा शोधू लागले. खिंडीत हवामान मोजायचं एक दगडी केंद्र आहे. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, अंगणात पाऊस मोजायचं भांडं आणि खांबावर वाऱ्याने गरगर फिरणाऱ्या तीन वाट्या. छपराच्या कडेखाली भिंतीतला एक दगड निखळला होता. आतली वाट एका दगडामागे वळत होती, त्यामुळे वारा पोहोचत नसे. तिथे मी शेवाळ आणि बकरीचे केस अंथरले आणि चार पांढरी अंडी घातली. तेरा-चौदा दिवसांनी चार पिल्लं झाली. वर आमचा उन्हाळा एवढासा. हे घरटं गेलं असतं तर त्या वर्षी दुसरं बांधायला वेळच नव्हता.

केंद्रात एक तरुण निरीक्षकबाई राहत. दर तीन तासांनी त्या आकडे टिपत, एकही न चुकवता. पण माझ्याच भोकातून झिरपलेलं पाणी त्यांच्या नोंदवह्यांच्या कपाटात उतरत होतं. "साहेब, मला पगार बाहेरचा पाऊस मोजायचा मिळतो, आतला नाही," असं त्यांनी फोनवर वरिष्ठांना सुनावलेलं मी ऐकलं आहे. शेवटी खालच्या गावातून एक सुतारकाका आणि त्यांच्या पत्नी आल्या. काका पत्रे ठोकत, काकू सिमेंट कालवत.

भोक बुजवण्याआधी बाईंनी विजेरी लावून आत पाहिलं. वळणाचा दगड तेवढा दिसला. मग घड्याळ घेऊन त्या दोन तास अंगणात बसल्या.

"काका, बुजवा," त्या म्हणाल्या. "दोन तासांत चार वेळा आली, चोच चारही वेळा रिकामी. पिल्लं असती तर अळी-किडा काहीतरी आणलं असतं. नुसती आडोशाला येते ती."

मित्रांनो, बाईंनी मोजलं ते अगदी बरोबर होतं. पण त्यांना सवय घरच्या चिमण्यांची. त्या एक अळी चोचीत धरतात आणि लगेच घरट्याकडे येतात. आम्हाला दाण्यांसाठी लांब जावं लागतं. म्हणून विणीच्या दिवसांत आमच्या तोंडाच्या तळाशी दोन पिशव्या तयार होतात. त्यात दाणे आणि किडे गच्च भरायचे, चोच मिटायची आणि परतायचं. बाहेरून चोच रिकामीच दिसते. माझी पिल्लं तेव्हा पाच दिवसांची होती. त्यांचा आवाज वाऱ्यात विरून जायचा.

मी परतले तेव्हा काका शिडीवर होते. हातात थापी, थापीवर सिमेंट, आणि ओठांत पत्र्याचे खिळे. ओरडले असते, पण चोच उघडली तर अर्ध्या तासाची मेहनत खाली सांडणार! मी पत्र्याच्या कडेवर बसले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. तेही माझ्याकडे बघत राहिले. दोघांचीही तोंडं बंद.

"अहो, सिमेंट सुकतंय!" खालून काकू म्हणाल्या. "चिमणीशी कसल्या गप्पा?"

"म्म," काका म्हणाले.

"हे असंच. घरी तरी कुठे याहून जास्त बोलतात!"

काकांनी थापी बाजूला धरली. मी जीव मुठीत घेऊन त्यांच्या मनगटाजवळून आत शिरले, चौघांना भरवलं आणि बाहेर आले. काकांनी माझा गळा नीट पाहिला. मग एकेक करून पाच खिळे तळहातावर काढले.

"अगं, हिच्या तोंडात खिळे होते!"

"कोणाच्या?"

"या चिमणीच्या गं! जाताना गाल असे फुगलेले, येताना बसलेले. चाळीस वर्षं तोंडात खिळे धरतोय मी. भरलेलं तोंड मला कळतं. बाई, ही आत काहीतरी ठेवून आली."

बाई रागावल्या असत्या तरी मी समजून घेतलं असतं. पण त्या तडक शिडी चढल्या आणि भोकाला कान लावून बसल्या. बराच वेळ. मग वहीतल्या आपल्या नोंदीवर त्यांनी एक रेघ मारली, खाली नवी नोंद केली आणि म्हणाल्या, "मी चोच बघत बसले, काका. गळ्याकडे बघितलंच नाही."

"आणि आतला पाऊस?" काकूंनी विचारलं. "तो कोण मोजणार?"

"भिंत दीड हात जाड आहे," काका म्हणाले. "खोलीच्या बाजूने बुजवतो. वरचा पत्रा वीतभर पुढे काढतो. हिचंही घर कोरडं, यांचंही."

"बघा, खिळे काढले की किती शहाणं बोलतात!"

त्या दिवशी भिंतीपलीकडे हातोडी पडत होती आणि प्रत्येक ठोक्याला माझं घरटं हलत होतं. तरी मी फेऱ्या चालू ठेवल्या. पंधरा दिवसांनी चौघंही उडाली.

पुढे बाईंची बदली झाली. आता केंद्रात कोण येतं, कोण जातं, माझ्याकडे कुणाचं लक्ष नसतं. माझं उडणंही मंदावलं आहे. पण जाण्यापूर्वी बाईंनी दारामागे एक पाटी लावली होती, ती अजून आहे: "छपराखालचं भोक बाहेरून बुजवू नये. शंका आल्यास आत जाणारीचा गळा पाहावा आणि बाहेर येणारीचाही."

माझं मागणं तेवढंच आहे, मित्रांनो. एखादी फट बुजवण्याआधी तिथे थोडं थांबा. जाणारा पाहा, येणाराही पाहा. आणि आपली नोंद चुकली असं वाटलं, तर रेघ मारायला लाजू नका.

या वर्षी त्या भोकात पाच अंडी आहेत. त्यातलं एकही माझं नाही. माझ्या लेकीची आहेत ती. आत्ताच ती गाल फुगवून माझ्या शेजारून आत गेली, आणि माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. म्हणजे पहिलं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं!