आडवे झालेले दार

मित्रांनो, ज्या वर्षी एर्मिन्सुल आणि सोइलाबाईंना पहिला मुलगा झाला, त्याच वर्षी माझाही जन्म झाला. लिबोरियो पाळण्यात होता आणि मी रंध्याखाली. पोपायान शहराच्या वरच्या अंगाला, कॉफीच्या उतारावर, एर्मिन्सुलने आपल्या हातांनी घर बांधले आणि ओकच्या जाड फळ्या जोडून मला घडवले. मी त्या घराचे पुढचे दार होते. आज मी एक जुने दार आहे आणि आडवे पडून आहे. पण रडगाणे सांगायला बसलेले नाही.

घर उतारावर असल्यामुळे माझ्यापुढे दगडी पायऱ्या होत्या. पाहुणे धापा टाकत त्या चढून येत आणि म्हणत, "काय दार आहे! चर्चला शोभेल." एर्मिन्सुल नुसता मिशीत हसायचा. सोइलाबाई मात्र माझ्यातून क्वचितच जात. त्यांचा सगळा वावर मागे, स्वयंपाकघराच्या बाजूने. तिथे कॉफी वाळवायचे अंगण होते, कोंबड्या होत्या, संत्र्याचे झाड होते.

एर्मिन्सुल म्हातारपणी शांतपणे गेला. पुढे एकदा सोइलाबाई, मुले नको नको म्हणत असताना, संत्री काढायला झाडावर चढल्या आणि पडल्या. पाय कायमचे गेले. लिबोरियो त्यांना शहरात आपल्या घरी घेऊन गेला, आणि चाकांची खुर्ची आली. बंद घराला लोखंडी दार बसले. मला कोठीत टाकले. मळ्यावरच्या गड्यांनी सांभाळलेल्या कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या. माझे कौतुक करणाऱ्यांपैकी कुणीही मी कुठे आहे म्हणून विचारले नाही. वाईट वाटायचे. तरी कोंबड्यांची ऊब बरी असते.

मग एका वर्षी ऑगस्टची सुट्टी सगळ्यांनी मळ्यावरच्या घरात घालवायची ठरवली. ऑगस्टमध्ये आमच्याकडे वारा सुटतो आणि आकाश पतंगांनी भरते. लिबोरियो आणि त्याची बायको नूबिया कितीतरी रविवार आधीपासून येऊ लागली. न्हाणीघराचे दार रुंद केले. भिंतीत धरायला दांडा ठोकला. खाट खुर्चीच्या उंचीची करून घेतली. मी कोठीच्या फटीतून सगळे पाहत होते.

"आणि पायऱ्यांचं काय?" नूबियाने विचारले.

"पायऱ्यांचं काय म्हणजे? आम्ही आहोत ना!" लिबोरियो म्हणाला.

मित्रांनो, लिबोरियो, त्याचे दोन भाऊ आणि एक चुलतभाऊ, हे चौघे दर वर्षी ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात संतांच्या मूर्तींची जड पालखी खांद्यावर घेऊन शहरभर चालतात. हा मान बापाकडून मुलाकडे येतो. खांद्यावर पडलेला घट्टा ते लोक पदकासारखा दाखवतात. अशा माणसांना दगडी पायऱ्या अडचण वाटतच नाहीत. त्यांनी दोन लांब दांड्यांची छोटी पालखी तयार केली, तिच्यात मखमली गादी घातली आणि खूश झाले.

सुट्टीचा दिवस आला. जीप पुढच्या बाजूला थांबली. सोइलाबाईंना खुर्चीत बसवले. समोर पालखी.

"हे काय?"

"तुझी पालखी, आई. मखमल खास शहरातून आणलीय."

"लिबोरियो, मी मेलेय का?"

"काहीतरीच काय बोलतेस!"

"मग संत झालेय का?"

"ते तर मुळीच नाही," लिबोरियोचा धाकटा भाऊ रामिरो म्हणाला. सगळे हसले. सोइलाबाई हसल्या नाहीत.

"तुमच्या त्या मूर्तीला न्हाणीघरात जायचं नसतं. कोंबड्यांना दाणे टाकायचे नसतात. मला बाहेर यावंसं वाटलं की चौघांना हाका मारत बसू? आणि तुम्ही टेकडीवर पतंग उडवत असलात तर?"

"धावत येऊ की आम्ही."

"नको. मला परत शहरात सोड. तिथं निदान खोलीभर तरी माझी मी फिरते."

लिबोरियोचा चेहरा उतरला. खुर्ची पुन्हा जीपमध्ये चढली असती, तर त्या इकडे परत कधीच आल्या नसत्या. ते सगळ्यांना कळले. मलाही.

शेवटी नूबिया खाली वाकली. "आई, तुम्हाला कसं आत जायचंय?"

इतक्या रविवारांत हे कुणी विचारलेच नव्हते.

"मागच्या अंगणातून."

"तिथून पोती आत नेतात, आई!" लिबोरियो कळवळला. "तू पुढून, मानानं यायचं."

"मी काय पाहुणी आहे? सगळा जन्म मी तिथूनच ये-जा केली." मागचे अंगण उंचावर होते आणि पोत्यांची जीप तिथपर्यंत जायची. तिथून स्वयंपाकघरात जायला एकच उंच उंबरा लागायचा. "आणि एर्मिन्सुलचं दार कुठंय?"

लिबोरियोने कोठीकडे पाहिले.

"कोंबड्यांखाली," रामिरो पुटपुटला.

"अरे कर्मा! पुसा आणि आणा."

मला धुतले, पुसले आणि उंबऱ्याला तिरके टेकवले. रिकामी खुर्ची ढकलून पाहिली, तर मी मध्येच कुरकुरले आणि वाकले. माझी मलाच लाज वाटली. लिबोरियो पालखीकडे गेला. मग त्याने गादी बाजूला काढली, दोन्ही दांडे उपसले आणि माझ्याखाली घातले.

"पावसात चाक घसरेल," सोइलाबाई म्हणाल्या. "वरून खुराड्याची जाळी ठोक."

जाळी ठोकून झाली. सोइलाबाई खुर्चीत बसल्या आणि चाकांना हात घातला. जन्मभर मका दळलेले हात ते. लिबोरियो मागे हात पसरून उभा राहिला.

"हात खाली घे."

त्याने घेतले. त्या चढल्या, आत गेल्या. लगेच बाहेर आल्या. पुन्हा आत गेल्या.

"आई, काही विसरलीस का?"

"नाही. जातेय, येतेय. तुला काय त्रास?"

तो ऑगस्ट मी कसा विसरेन? बटाटा भरून तळलेल्या एम्पनादांचा आणि शेंगदाण्याच्या तिखट चटणीचा वास, गुळाचे गरम पाणी, खुर्चीच्या हाताला बांधलेला पतंग. त्यानंतर प्रत्येक सुट्टी इथेच झाली. पाऊस सरला की नूबिया माझ्यावरचे शेवाळ खरवडते आणि तेलाचा हात फिरवते. लिबोरियोने नव्या पालखीचे नाव काढले नाही.

मित्रांनो, माझे एवढे ऐका. कुणाला घरी बोलवाल, तर त्याला कसे आत यायला आवडेल ते आधी त्यालाच विचारा. आणि घरातले जुने लाकूड कोंबड्यांखाली टाकण्याआधी एकदा हात लावून पाहा.

सोइलाबाईंना त्या घरातून शेवटचे नेले, तेही माझ्यावरूनच. माझ्याखालचे दांडे कुणी काढले नाहीत, दुसरे आणले. चौघांनी खांदा दिला. या वेळी सोइलाबाईंनी नेऊ दिले.

गेल्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस, वारा पडला त्या आठवड्यात, सोइलाबाई दुपारी कोंबड्यांना दाणे टाकून आत आल्यावर वारल्या.