सोमवारचा दहाचा भोंगा

भोंगेवाल्याला दोषी ठरवून नोकरीवरून काढून टाकण्यात आलं. पण हे अजून घडलेलंच नाही असं समजून आपण पुढे जाऊ, कारण चौकशी समितीनेही तेच केलं. निकालाची टाईप केलेली प्रत चष्म्याच्या डबीखाली सरकवत अध्यक्षबाई म्हणाल्या, "बसा. आम्ही मोकळ्या मनाने ऐकणार आहोत."

भोंगेवाला बसला. बावीस वर्षं तो धरणावरचा भोंगा वाजवत होता. गेल्या महिन्यात धरणाचे सगळे दरवाजे एकदम उघडले, खालच्या वस्तीत पाणी शिरलं आणि एकोणीस माणसं गेली. त्यांत त्याची मावशी होती. आईमागे तिनेच त्याला वाढवलं होतं. दरवाजे आधीपासून थोडेथोडे का उघडले नाहीत, असं विचारल्यावर एकजात सगळ्या साहेबांनी कानांवर हात ठेवले. कानांवर हात असल्यामुळे भोंगाही कुणाला ऐकू आला नव्हता.

"तुम्ही इशारा दिला नाहीत," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"दिला की, बाई. दहा वाजता. चांगला पाच मिनिटं."

समितीच्या सचिवाने रजिस्टर उघडलं. "सोमवार, दहा वाजता. इथे 'चाचणी' लिहिलंय."

"रजिस्टरात तेवढा एकच रकाना आहे, साहेब. तसं छापूनच येतं."

दर सोमवारी दहाच्या ठोक्याला भोंग्याची चाचणी व्हायची, एक मिनिट. त्या सोमवारी दरवाज्यांचा निरोप दहाला पाच कमी असताना आला. भोंगेवाला ऐंशी पायऱ्या धापा टाकत चढला आणि बटण दाबलं तेव्हा बरोबर दहा वाजले होते. बावीस वर्षांत पहिल्यांदा खरा भोंगा वाजला, आणि करंटा नेमका वेळेवर वाजला.

"पाच मिनिटं वाजूनही लोक बाहेर पडले नाहीत?"

"बटण अडकलं असं वाटलं त्यांना. मागे एकदा अडकलं होतं."

साक्षीला मावशीचा नवरा आला होता. काकांच्या अंगातला शर्ट शेजाऱ्याचा होता, बाह्या बोटांपर्यंत येत होत्या.

"आजोबा, भोंगा ऐकलात?"

"ऐकला तर! ही म्हणाली, 'पोरगं वेळेचं पक्कं आहे हो.' घड्याळ दोन मिनिटं मागे होतं, ते स्टुलावर चढून पुढे केलं. मग म्हणाली, 'अडकलं वाटतं गाढवाचं बटण.' घड्याळ सारखं मागे पडतं म्हणून मला वर दुकानात सेल आणायला पिटाळलं. मी सेल घेतला." काकांनी खिशातून सेल काढून टेबलावर ठेवला. "परत जायला घर कुठे होतं?"

सेल घरंगळला. सचिवाने तो कडेला अडवला आणि त्यावर पेपरवेट ठेवला.

"नोंद घ्या," अध्यक्षबाई म्हणाल्या, "इशारा म्हणून भोंगा ऐकू आला नाही."

भोंगेवाल्याने घडी घातलेला कागद पुढे केला. चाचणीची वेळ बदला, नाहीतर खऱ्या भोंग्याचा आवाज तरी वेगळा ठेवा, असा अर्ज त्याने तीनदा केला होता. हे तिसऱ्याचं उत्तर होतं : वेळ बदलल्यास नागरिकांत गोंधळ उडेल. खाली सही होती. अध्यक्षबाईंनी ती पाहिली. स्वतःची सही माणूस लांबूनही ओळखतो.

"हा विषय समितीच्या कक्षेत येत नाही."

"राहू द्या. नोकरीही जाऊ द्या. फक्त भोंगा वाजला होता एवढं लिहा, बाई. वस्तीत पोरंसोरं बोट दाखवतात, हाच तो झोपलेला म्हणून."

"तसं लिहिलं," बाईंनी अगदी मनापासून विचारलं, "तर मग दोष कुणाचा?"

सचिवाने छापील अर्ज पुढे सरकवला. "म्हणणं यात लिहून द्या. विचार होईल."

भोंगेवाल्याने पेपरवेटखालचा सेल उचलून घेतला आणि बाहेरच्या बाकावर काकांशेजारी बसून लिहिलं :

"महोदया, सोमवारी दहा वाजताचा भोंगा चाचणीचा नसून खरा होता, अशी नोंद पूर्वलक्षी प्रभावाने घ्यावी. तो सर्व संबंधितांनी वेळेत ऐकला असे समजण्यात यावे. आणि माझ्या मावशीस त्याच दिवशी दहा वाजून एक मिनिटापासून घराबाहेर पडण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.

सोबत : घड्याळाचा सेल, एक नग."