शहाद्याच्या स्टँडवर वाजलेला भोंगा

साहेब, तुम्ही मुलांची वेळ खाल्ली. मंचावर बसून, हार घालून घेत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाल्ली. तुम्हाला हे तोंडावर सांगायची कोणाची छाती झाली नाही, म्हणून मी सांगतो. माझी छाती पितळेची आहे.

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. लग्नाच्या बँडमधला सगळ्यात जाड आवाजाचा, पोटाशी धरून फुंकायचा. मेरठच्या कारागिराने मला ठोकून ठोकून घडवलं आणि इंद्रसिंग बँडवाल्याने शहाद्यात आणलं. खांडबाऱ्यापर्यंत किती नवरदेव मी मांडवात पोचवले! शाबासकी मिळायची ट्रंपेटवाल्याला. पण मी थांबलो की नाचणाऱ्यांचे पाय चुकायचे. मग डीजे आला. इंद्रसिंगने मला गोठ्यात खुंटीला टांगलं. माझ्या तोंडात चिमणीने घरटं केलं. रिकामं राहण्यापेक्षा ते बरं होतं.

संगीत शिकवणाऱ्या कामिनीताईंनी गावोगावची मुलं जमवून वाद्यवृंद उभा केला, तेव्हा त्यांनी मला मागून नेलं. व्हायोलिन, बासरी पटापट उचलली गेली. माझ्याकडे कोणी बघेना. शेवटी रुचिका पुढे आली. तिने मला चिंचेने घासलं आणि पावसाचा थेंब लागू नये म्हणून केळीच्या घडाला घालतात ती निळी पिशवी चढवली.

तिचे वडील दोधूआप्पा, तापीकाठचे केळीवाले. रुचिका रियाजाला बसली की अंगणातून ओरडायचे, "ह्या भोंगापायी म्हैस पान्हा चोरी ऱ्हायनी!"

"तुमना घोरानाबी आवाज असाच शे," रुचिकाची आई छबूबाई चुलीपासून म्हणायची. "म्हैसनी तोबी ऐकेल शे."

पण आप्पांचं खरं दुखणं वेगळं होतं. "सगळासले गानं, अन् मन्ही पोरले नुस्तं भों?" आपल्या पोरीला कोणी उरलंसुरलं दिलंय, असं त्यांच्या मनात बसलं होतं. शेवटी ठरलं. "कार्यक्रममा ऐकसू. नही पटनं ते भोंगा परत."

मित्रांनो, परत म्हणजे खुंटी. मला ठाऊक होतं आणि रुचिकालाही.

कार्यक्रम शहाद्यात, दुपारी चारचा होता. आप्पा केळीची कापणी टाकून आले. एसटीत त्यांनी मला सीटखाली कोंबलं. साहेब, तुम्ही प्रमुख पाहुणे, दिवेलागणीला उगवलात. मग सत्कार, मग सत्काराला उत्तर, मग मुलं म्हणजे देशाचं भविष्य यावर तुमचं भाषण. ते भविष्य मंचामागे उपाशी बसलं होतं. शेवटी तुमच्या माणसाने माईकवर सांगितलं, "वेळेअभावी वाद्यवृंद रद्द."

आप्पा उभे राहिले. "आम्ही भाषनं ऐकाले नही उनूत, पोरेसले ऐकाले उनूत!"

"बसा आप्पा, बसा," कोणीतरी शर्ट ओढला. तुम्ही घड्याळ बघितलंत आणि गाडीत बसलात.

शहाद्याच्या स्टँडवर मुलं बसची वाट बघत होती. रुचिका मला कवटाळून रडत होती. "आप्पा, तुम्ही ते ऐकंच नही!"

आप्पांनी स्टँडवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग कामिनीताईंकडे वळून म्हणाले, "मंग वाजाडा ना आठेच, स्टँडवर. बस येवाले टाईम शे."

फलाटालगतच्या बाकांवर मुलं बसली. व्हायोलिन सुरू झालं, बासरी मिसळली. रुचिका मला मांडीवर घेऊन नुसती बसलेली. घरी ती मधल्या शांत जागा गाळून वाजवायची, त्यामुळे मी मध्येमध्ये थांबतो हे आप्पांना माहीतच नव्हतं. ते तिथूनच ओरडले.

"वाजाड ना माय! भूली गई का?"

अख्खा स्टँड हसला. रुचिकाने ताईंवरची नजर न काढता एक बोट वर केलं: थांबा.

मग तिने छाती भरून घेतली आणि मी आलो. केळीच्या बुडाशी पाण्याचा पाट सोडावा तसा सगळ्यांच्या खालून आलो. लोखंडी बाक थरथरला. आप्पांनी त्यावर तळवा टेकला आणि तो उचललाच नाही. बस लागली होती, पण ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

वाजवून झाल्यावर आप्पा म्हणाले, "आते समजनं. हाऊ बुडखा शे, माय. हाऊ नही ते बाकीनं सगळं आडवं पडी."

परत जाताना मी सीटखाली नव्हतो. आप्पांनी मला मांडीवर घेतलं होतं, निळ्या पिशवीसकट. कंडक्टर म्हणाला, "आप्पा, नातू का?" आप्पा म्हणाले, "तसंच समज."

मित्रांनो, वाद्य फुंकरीवर जगतं. गोठ्यात टांगलं की ते कळकून हिरवं पडतं. मुलांचंही तेच. दोधूआप्पांना कळायला एक स्टँड आणि उशिरा सुटलेली बस पुरली.

पण साहेब, तुम्हाला सोडत नाही मी. पुढच्या कार्यक्रमाची तयारी सुरू झाली आहे, पहिल्या रांगेत तुमची खुर्ची आहे आणि आप्पा तिच्याशेजारीच बसणार आहेत. त्या दिवशी आधी मुलं वाजवतील की आधी तुम्ही बोलाल? नुसती मान हलवणं नको. नीट, उभं राहून, माईकवर उत्तर द्या.